मदत हवी आहे: फॉर्मल मेथड्सच्या तासाला नाटक रंगतं, पण इन्व्हेरिअंट कोणी लिहीत नाही

खडूफळा:
गुरुवारी फॉर्मल मेथड्सचं (प्रोग्रॅम बरोबर आहे हे गणिताने सिद्ध करायचा विषय) प्रॅक्टिकल आहे, लवकर सांगा. दोन मुलं दोन प्रोसेस (एकाच वेळी चालणारे प्रोग्रॅम) होतात, मधली खुर्ची म्हणजे क्रिटिकल सेक्शन, तिथे एका वेळी एकानेच असायचं. कोड मुद्दाम चुकीचा दिला: दुसऱ्याचा झेंडा पाहा, खाली असेल तर आपला वर करा, मग बसा. तीन गटांनी करून पाहिलं, एकदाही टक्कर नाही. आता म्हणतात, "मॅडम, चाललं की, सिद्ध झालं!" इन्व्हेरिअंट, म्हणजे प्रत्येक पावलाला खरं राहणारं विधान, लिहा म्हटलं की वह्या कोऱ्या.

ताकभात:
कितवं वर्ष, किती मुलं, टूल कोणतं?

खडूफळा:
तिसरं वर्ष, बॅचला 22. दोन तास. स्पिन (पावलांचे सगळे शक्य क्रम तपासणारं टूल) आणि त्याची भाषा प्रोमेला शिकवून झालंय.

जुनाजाणता:
नाटक सोडा, आधी प्रेडिकेट लॉजिक (विधानांचं गणिती तर्कशास्त्र) पक्कं करा. पॅरिस मेट्रोची 14 नंबरची लाइन 1998 साली सुरू झाली, तिचं सुरक्षेचं सॉफ्टवेअर बी मेथड या गणिती पद्धतीने सिद्ध केलेलं आहे. पाया गणिताचाच हवा.

पाकीटवाली:
नाही पटलं. चूक डोळ्यांनी दिसल्याशिवाय सिद्धता हवीशी वाटत नाही. मी नीडहॅम-श्रोडर प्रोटोकॉल (दोघांनी गुप्त संदेशांतून एकमेकांची ओळख पटवायची पद्धत) पाकिटांनी खेळवते. तो 1978 चा, त्यातला हल्ला गॅव्हिन लोव यांनी दाखवला 1995 मध्ये. तिसरी मुलगी 'अ'कडून स्वतःला आलेलं पाकीट उघडते, 'ब'साठी पुन्हा बंद करते आणि 'अ'च्या नावाने पाठवते, तेव्हा वर्ग चिडीचूप होतो.

जुनाजाणता:
प्रश्न खुर्चीचा आहे, पाकिटांचा नाही.

लॅबवाला:
स्पिनसाठी सी कंपायलर लागतो, त्याशिवाय स्पिनने बनवलेली पॅन.सी फाइल कंपाइल होत नाही. आधी ते तपासा.

खडूफळा:
स्पिन चालतंय हो.

रातपाळी:
मुलं एकमेकांना वाट देतायत. समोरचा निघालेला दिसला की माणूस थांबतोच. दोघांना पाठमोरं उभं करा, तिसऱ्याला शेड्यूलर (पाळी कोणाची ते ठरवणारा) करा. तो ज्याच्या खांद्यावर हात ठेवेल त्याने एकच ओळ करायची. शेड्यूलरला सांगा, तुझं काम टक्कर घडवणं. पहिल्याने झेंडा पाहिला, चिठ्ठीवर 'खाली' लिहिलं, लगेच हात दुसऱ्याच्या खांद्यावर. त्यालाही 'खाली'च दिसलं. सहाव्या पावलाला दोघं एका खुर्चीवर. चौथ्याने प्रत्येक पावलाला स्थिती फळ्यावर लिहायची: कोण कुठल्या ओळीवर, कुठला झेंडा वर. मग दोघांना एकाच वेळी आत न सोडणारा पीटरसनचा 1981 चा अल्गोरिदम द्या. शेड्यूलर हरेल. का हरला, ते त्यालाच एका वाक्यात लिहायला लावा. इन्व्हेरिअंट त्याच वाक्यातून निघेल.

खडूफळा:
पण पाठमोरं उभं राहून झेंडा पाहायचा कसा?

रातपाळी:
झेंडे फळ्यावर खडूने, 0 किंवा 1. 'पाहा' ही ओळ आली तरच वळायचं.

ताकभात:
22 म्हणजे चार-चारचे पाच गट, दोघं उरतात. त्यांना तोच चुकीचा कोड स्पिनवर चालवू द्या. स्पिनची ट्रेल (चुकीपर्यंत नेणाऱ्या पावलांची नोंद) आणि शेड्यूलरची सहा पावलं फळ्यावर शेजारी-शेजारी लिहा.

खडूफळा:
हे जमेल. चिठ्ठ्या आजच कापते.