'ग्रेहाउंड': थरार मान्य, पण ताफा कुठाय?

सुकाणू: 'ग्रेहाउंड' (२०२०) काल दुसऱ्यांदा पाहिला. फेब्रुवारी १९४२, अटलांटिकमधला विमानांचं छत्र नसलेला पट्टा, लिव्हरपूलकडे निघालेली ३७ जहाजं आणि जर्मन पाणबुड्यांपासून राखणीला चारच युद्धनौका. टॉम हँक्सच्या कमांडर क्राउझला जेवायलाही फुरसत नाही. तो जहाज वळवायच्या रडरचा हुकूम सोडतो, चाकावरचा पोरगा तोच हुकूम जसाच्या तसा परत म्हणतो, पाण्याखालचा आवाज टिपणाऱ्या सोनार यंत्रावरचा माणूस दिशा ओरडतो. सुरुवातीला काही कळत नाही, मग त्या आकड्यांनीच आपल्या पोटात गोळा येतो. एलिझाबेथ शूचा छोटासा तुकडा सोडला तर भावनिक फोडणी नाही. युद्धपट असाच हवा. पटत नसेल तर बोला.

कोकणकडा: नाही पटत. ज्यांच्यासाठी एवढा आटापिटा, ती व्यापारी जहाजं म्हणजे लांबवर जळणारे ठिपके. त्या काळी ब्रिटिश व्यापारी जहाजांवर हजारो हिंदी खलाशी होते. डेकवर आपले कोकणी मुसलमान, जेवणघरात गोंयकार. पगार गोऱ्यांच्या मानाने तुटपुंजा. युद्धात सहा हजारांवर हिंदी खलाशी गेले. मुंबईत मशीद बंदरच्या सेलर्स होममध्ये त्यांचं स्मारक आहे. कितीजण गेलेत तिथे?

सुकाणू: मी नाही गेलो. पण कॅमेरा जवळजवळ क्राउझच्या ब्रिजवरच, म्हणजे जिथून तो जहाज चालवतो तिथेच असतो, आणि तिथून ठिपकेच दिसणार. तुम्ही वेगळाच सिनेमा मागताय.

दर्याकाका: ते राहू द्या, जर्मन कप्तान रेडिओवर येऊन धमक्या काय देतो, लांडग्यासारखा ओरडतो काय! ज्याचा जीव लपण्यावर, तो बोंब मारून ठावठिकाणा कळवेल? पाणबुड्या मुख्यालयाला सांकेतिक संदेश पाठवायच्या, तर तेवढ्यावरूनही त्यांचा माग लागायचा. आणि क्राउझची युद्धनौका म्हणून विनाशिका दाखवलीय फ्लेचर वर्गातली. त्या वर्गातली पहिली नौदलात आली जून १९४२ला! चित्रीकरण झालं ती 'किड' तर १९४३ची.

सुकाणू: तो लांडगा मलाही खटकला, अगदी मसालापटातला व्हिलन. विनाशिकेचं मात्र तुमच्यासारख्यालाच कळणार, काका.

कोकणकडा: बरं, ब्रिजवरूनच बघू. क्लीव्हलंड आठवतो? ताट घेऊन पुन्हापुन्हा येणारा कृष्णवर्णीय वाढपी. तेव्हा अमेरिकी नौदलात कृष्णवर्णीयांना त्यापलीकडचं काम जवळजवळ मिळतच नव्हतं. हा तर ठिपका नाही, क्राउझच्या हाताच्या अंतरावर उभा असतो. त्याच्याबद्दल आपल्याला काय कळतं? वाढतो, मरतो, समुद्रात सोडतात.

सुकाणू: क्राउझलाही तेवढंच माहीत असतं. म्हणून तर ते दफन लागतं. त्याच्याबद्दल रडकी गोष्ट आधी सांगितली असती तर मी तुमच्याआधी नाक मुरडलं असतं.

कोकणकडा: आणि शेवट? व्यापारी जहाजांवरची माणसं जवळून दिसतात ती कशासाठी, तर 'ग्रेहाउंड'चा, म्हणजे क्राउझच्या नौकेचा, जयजयकार करायला.

सुकाणू: हे मात्र लागलं. तरी तिसऱ्यांदा बघणारच.

दर्याकाका: बघा, पण लांडगा आला की आवाज बंद करा.