मोह, हिरडा, सरपण : राखीव जंगलाच्या वेशीवरचे अनुभव

धागाकर्ती :
नुकतीच ताडोब्याला जाऊन आले. जिप्सीत बसत होतो तेव्हा डोक्यावर सरपणाची मोळी घेतलेली एक बाई रस्त्याच्या कडेला थांबून आमच्याकडे बघत होती. तेवढंच. पण ते मनातून जाईना. १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झालं, पुढे व्याघ्र प्रकल्प, २०१० मध्ये बफर, म्हणजे गाभ्याच्या जंगलाभोवतीचा पट्टा. त्या बफरमध्ये गावं आहेत, हे आपण सफारीचं बुकिंग करताना विसरतो. जंगलाला लागून राहिलेले, तिथे नोकरी केलेले कोणी असाल तर लिहा. मतं नंतर, आधी अनुभव.

मोहाची सावली :
माझं माहेर चंद्रपूर जिल्ह्यातलं, बफरमधलंच. मार्च-एप्रिलात आमची नावं शाळेच्या पटावर आणि आम्ही मोहाखाली. प्रत्येक घराची झाडं ठरलेली. कागदावर कुठेच नाही, पण दुसऱ्याच्या झाडाखाली टोपली टेकवून बघा! फुलं पहाटे गळतात. उशीर झाला की हरणं, अस्वलं ताव मारतात, म्हणून अंधारातच निघायचं. ओणवं माणूस वाघाला माणूस वाटत नाही, असं आजी म्हणायची. त्यामुळे आई वेचायची आणि आम्हा पोरांचं मुख्य काम उभं राहून बोंबलायचं. जरा गप्प झालो की धपाटा.

अंगणात वाळत घातलेली पिवळसर फुलं दोन-तीन दिवसांत मनुक्यांसारखी होतात. घरभर गोड, आंबूस वास. व्यापाऱ्याला विकायची आणि पावसाळ्यात घरची संपली की त्याच्याकडूनच चढ्या भावाने आणायची.

शेजारच्या काकू मोहाखालीच गेल्या. टोपली अर्धी भरलेली होती. पंचनाम्याला आलेल्यांचा पहिला प्रश्न, "जंगलात कशाला गेल्या होत्या?" भरपाई मिळाली, नाही असं नाही. पण त्यांच्या सासूनेही त्याच झाडाखाली वेचलेलं. तो प्रश्नच आम्हाला नीट कळला नाही.

जाळरेषा :
मी वनरक्षक. कुठला ते विचारू नका, नोकरी प्यारी आहे. फुलं दिसावीत म्हणून लोक झाडाखालचा पाला पेटवतात, हेही लिहा ना ताई. उन्हाळ्याआधी जाळरेषा, म्हणजे आग पुढे पसरू नये म्हणून साफ केलेले पट्टे, काढून आमची कंबर मोडते आणि एप्रिलात एका टोपलीपायी अख्खा डोंगर पेटतो. एकदा आम्ही पाच जण आणि एक ब्लोअर, पहाटेपर्यंत. घरी आलो तर अंगणात मोह वाळत घातलेला. सासूबाईंनी आणलेला. कुठून आणला ते मी विचारलं नाही. माझ्या भुवया कशा जळल्या ते त्यांनी विचारलं नाही.

मोहाची सावली :
दादा, पटलं. आमच्याकडे आता जुन्या साड्या अंथरतात. वाऱ्याने उडतात, पण पाला जाळावा लागत नाही.

वारणाकाठ :
आमचं आजोळ चांदोलीच्या जंगलात होतं. 'होतं' म्हणजे जागा आहे, गाव नाही. आधी धरण, मग १९८५ ला अभयारण्य, २००४ ला राष्ट्रीय उद्यान. आजोबा हिरडा गोळा करून विकायचे, मीठमिरचीचा खर्च त्यावर. गाव उठून खाली आल्यावर पाऊस कमी, माती वेगळी, झाड ओळखीचं नाही. ग्रामदैवताला जायचं तर आता परवानगी. गेल्या खेपेला मामाने घराचं जोतं शोधून दाखवलं. त्यावर गव्याचं शेण पडलेलं. मामा म्हणाला, "बरं झालं, कुणीतरी राहतंय."

धानवाला :
मी गाईड आहे. सकाळी पर्यटकांना रानडुक्कर दाखवतो, "बघा बघा, पिल्लं!" रात्री तीच माझ्या धानातून हाकलतो. पोट दोन्हीवर आहे, त्यामुळे कोणाची बाजू घेऊ ते सांगा.

पाड्यावरची बाई :
बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातल्या एका वारली पाड्यावर शिकवायला जायचे. अतिक्रमणं हटवण्याचा हायकोर्टाचा १९९७ चा आदेश तिथल्या म्हाताऱ्यांना तोंडपाठ. बिबट्याचं भय फारसं नव्हतं, नोटिशीचं होतं. एक आजी हसून म्हणाली, "बिबट्या कागद मागत नाही."

धागाकर्ती :
एक भाबडा प्रश्न. गॅस मिळालाय ना गावांना? मग मोळी का?

मोहाची सावली :
शेगडी आहे की. पाहुण्यांचा चहा होतो तिच्यावर. सिलिंडर भरायला रोख लागते आणि अंघोळीचं पाणी रोज लागतं. बाकी हा धागा वाचून काल आईला फोन केला. काकूंच्या झाडाखाली आता कोण वेचतं विचारलं. म्हणाली, सूनच वेचते. बोंबलायला धाकट्याला नेते, पण तो मोबाईलवर गाणी लावून ठेवतो.