प्रेसमध्ये बोटं गेलेला तो गिटारवाला खरा हाय काय? ब्लॅक सॅबथबद्दल विचारतोय

उद्यमबागचा_मामा

नमस्कार मंडळी. मी बेळगावच्या उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये हाय, सीएनसीवर, वीस-बावीस वर्षं झाली. गाण्याबिण्यातलं मला काय कळत नाही, गणपतीतलं लेझीम सोडलं तर. विषय असा हाय की माझा भाचा, वय 19, आयटीआय करून एका शीट मेटलच्या कारखान्यात लागला (नाव घेत नाही), तिथं मार्चमध्ये पॉवर प्रेसवर त्याची दोन बोटं गेली, मधलं आणि करंगळीच्या शेजारचं, म्हणजे शेंडे गेले पहिल्या पेरापर्यंत. गार्ड काढून ठेवलेला, का तर जॉब लवकर निघतोय. ते भांडण वेगळं चालू हाय, इथं नको.

पोरगं गिटार वाजवायचं, चांगलं वाजवायचं म्हणतात सगळे. आता गिटार माळ्यावर कव्हरात. घरात कुणी विषय काढला की उठून बाहेर जातोय. परवा आमच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड आला, इंग्लंडमधला कोण टोनी आयोमी म्हणून, त्याची पण प्रेसमध्ये बोटं गेली आणि त्यानं प्लास्टिकची टोपणं लावून ब्लॅक सॅबथ नावाचा जगातला पहिला हेवी मेटल (जड आवाजाचं रॉक) बँड काढला, आणि तो बँड पन्नास वर्षं चालला, असं लिहिलंय, खाली हात जोडलेले आणि सूर्य उगवलेला. ते त्याला दाखवू काय? खोटं निघालं तर पोरगं परत माझं काय ऐकणार नाही, दोन मिनिटात मोबाईलवर बघून मोकळा होतोय तो.

कॅम्पातला_जुना_ड्रमर

मामा, खरं हाय. फॉरवर्डमधलं सूर्य सोडून बाकी बरंच खरं हाय. मी 80 च्या दशकात गोव्याहून यांच्या कॅसेटी आणायचो, पणजीला एक दुकान होतं, ट्रकनं जायचं आणि ट्रकनं यायचं, घरी सांगायचं मित्राच्या बहिणीचं लग्न हाय. तेव्हापासून यांच्याबद्दल मिळेल ते वाचतोय. जरा सविस्तर लिहितो, चहा घेऊन बसा.

बर्मिंगहॅम म्हणजे आपल्या उद्यमबागेसारखंच समजा पण शंभर पटीनं मोठं, फाउंड्री, फोर्जिंग, गाड्यांचे पार्ट. त्यातला ॲस्टन हा कामगारांचा भाग, बँडमधले चौघंही तिथलेच. आयोमी होता वेल्डर, शीट मेटलच्या कारखान्यात. साल 1965, वय 17. जर्मनीचा एक दौरा ठरला होता म्हणून नोकरी सोडलेली आणि तो कामाचा शेवटचा दिवस, हे लक्षात घ्या, शेवटचा दिवस! दुपारी जेवायला घरी आला, म्हणाला आता परत जात नाही, तर आई म्हणाली घेतलेलं काम पूर्ण करून ये. आई तिथून इथपर्यंत सारख्याच. त्या दिवशी प्रेसवरचा माणूस आला नव्हता म्हणून याला तिथं उभा केला, कधी चालवलेली नाही ती मशीन. हात अडकला, यानं झटक्यात मागं ओढला आणि मधल्या आणि करंगळीच्या शेजारच्या बोटाचे शेंडे आतच राहिले. म्हणजे तुमच्या भाच्याची तीच दोन.

डॉक्टर म्हणाले गिटार विसर. घरी बसला तोंड पाडून. मग कारखान्यातलाच वरचा माणूस एक रेकॉर्ड घेऊन आला, म्हणाला ऐक. हा म्हणाला नको, गिटारचं नाव काढू नका. तरी ऐकवलीच. तो वाजवणारा होता जँगो राइनहार्ट, जिप्सी, 1928 ला त्याच्या राहत्या गाडीला आग लागून डाव्या हाताची दोन बोटं निकामी झालेली, आणि उरलेल्या दोन बोटांवर तो सोलो काढत होता.

मग यानं काय केलं, भांडी घासायच्या लिक्विडची बाटली घेतली, वितळवली, गोळा केला, बोटाच्या मापाचं भोक पाडलं, घासून घासून टोपण बसवलं. पण प्लास्टिक तारेवरून घसरतंय, म्हणून जुन्या जाकिटाचं कातडं कापून वर चिकटवलं. आणि जाड तारा दाबल्या की दुखायचं, पातळ सेट तेव्हा दुकानात मिळत नव्हता, तर बँजोच्या तारा गिटारवर चढवल्या. हे सगळं घरच्या घरी. तुम्ही मशीन शॉपवाले, तुम्हाला हे मला समजावून सांगायची गरजच नाही.

बँडचं पुढं लिहितो, घरातनं हाक आली.

निपाणीकर_76

ड्रमरभाऊ बरोबर लिहितायत पण एक गोष्ट मामांनी पोराला सांगायच्या आधी दुरुस्त करून घ्यावी, नाहीतर पोरगं पकडणार. "बोटं तुटली म्हणून तारा सैल केल्या आणि तो जड आवाज निघाला आणि मेटल जन्मलं" असं सगळीकडं चिकटवलेलं असतं. पहिले दोन अल्बम बऱ्यापैकी नेहमीच्याच सुरावर आहेत. तारा तीन सेमीटोन (अर्धे स्वर) खाली उतरवल्या त्या तिसऱ्या अल्बमला, 1971 साली, तोपर्यंत बँड जगभर गाजून झालेला. म्हणजे जड आवाज आधी, सैल तारा नंतर. मला ह्या "अपघात झाला म्हणून यश आलं" छापाच्या गोष्टींची चीडच येते. आमच्या शेजारी एकाचा हात तंबाखूच्या मशीनमध्ये गेला, त्याला कुठला अल्बम मिळाला? तो बिचारा आजपण डाव्या हातानं सही करतोय.

कॅम्पातला_जुना_ड्रमर

मान्य निपाणीकर, तीन सेमीटोन उतरवणं 71 चंच. म्हणून तर मी वर त्याबद्दल काय लिहिलेलं नाही, बघा परत. 😀

आता बँड. 1968. आयोमी आणि ड्रमर बिल वॉर्ड कार्लाइलकडच्या एका बँडमधनं परत आलेले, तो बँड गांजाच्या केसमध्ये मोडला. गायक पाहिजे. वाद्यांच्या दुकानात एक चिठ्ठी लावलेली दिसली, ऑझी झिगला काम पाहिजे, त्याच्याकडं स्वतःचा पीए, म्हणजे माईक-स्पीकरचा सेट, हाय. आयोमी म्हणाला शाळेत एक ऑझी होता मला एक वर्ष खाली, पण तो नसणार, त्याला गाता कुठं येतंय. पत्त्यावर गेले, दार उघडलं तर तोच. आयोमी तिथनंच मागं फिरला, शाळेत आयोमी ऑझीला बडवायचा. पण काही दिवसांनी जमलं सगळं, आणि खरं सांगायचं तर त्या पीएनं जमवलं. ऑझीच्या वडलांनी कर्ज काढून घेऊन दिलेला तो. आपल्याकडं नाही काय, ज्याच्या घरात स्पीकर असतोय तोच मंडळाचा अध्यक्ष होतोय.

हा ऑझी काय साधासुधा नव्हता. गाड्यांचे हॉर्न तपासायच्या कामावर होता, मग कत्तलखान्यात, मग चोरी केली कपड्याच्या दुकानात, दंड भरायला पैसे नाहीत आणि बापानं मुद्दाम भरला नाही, सहा आठवडे आत. बेसवाला गीझर बटलर हिशेबाचं काम शिकत होता, मुळात तो गिटारवाला, ह्यांच्यासाठी बेस हातात घेतला. नवीन असल्यामुळं बेसवाल्यासारखं न वाजवता आयोमी जे वाजवतोय तेच खालून वाजवायचा, त्यानं भिंत उभी राहिल्यासारखा आवाज होतोय. निपाणीकर, तुमच्या "जड आवाज आधी" चं खरं कारण मला तरी हे वाटतंय.

सुरुवातीला सहाजण होते, सॅक्सोफोन आणि स्लाइड गिटारवाला धरून, नाव पोल्का टल्क ब्लूज बँड. कुणी म्हणतंय टाल्कम पावडरच्या डब्यावरून ठेवलं, कुणी म्हणतंय कपड्याच्या दुकानावरून. मग दोघं कमी झाले, नाव झालं अर्थ, म्हणजे इंग्रजीतली पृथ्वी.

पेटीवाली_खानापूर

मध्येच बोलतो, माफ करा. (हो ताईच आहे, आमच्याकडं बायका पण "बोलतो" म्हणतात, पुण्याच्या लोकांनी परत विचारू नये.) मी भजनी मंडळात पेटीवर बसतो. माझ्या मुलानं ह्यांच्या पहिल्या अल्बमचं पहिलं गाणं ऐकवलं होतं मागच्या वर्षी, आधी पाऊस, मग घंटा, मग ते तीन सूर. मी म्हटलं अरे थांब, हे मी काढतो. पांढरी पाचला सा धरला, मग वरचा सा, आणि तिथनं उतरून तीव्र मध्यम, म्हणजे काळी एक. झालं. तीन सूर, तिसरा जरा थरथरवायचा. बाकी काहीच नाही.

आता सा आणि तीव्र म आपल्याला नवीन नाही, यमन मारव्यात रोजचं आहे. पण आपण तीव्र म वरून प वर जातो, किंवा निदान नि-ध बरोबर असतात, घरात माणसं असल्यासारखी. ह्यांनी प दिलाच नाही. सा, सा, आणि तो म तसाच लोंबकळत ठेवलाय. मी मंडळात एकदा अभंग सुरू व्हायच्या आधी गंमत म्हणून वाजवलं तर टाळवाले आजोबा म्हणाले, "बाय, दिवा लाव आधी."

मामा, तुमच्या भाच्याला हे सांगा वाटल्यास. तीन सूर आहेत, दहा बोटं लागत नाहीत.

भक्तिरस_अनगोळ

हा सैतानाची पूजा करणारा बँड आहे असं वाचलंय. आधीच खचलेल्या पोराला असलं काही देऊ नका. त्यापेक्षा बासरी द्या.

कॅम्पातला_जुना_ड्रमर

बासरीला बोटं जास्त लागतात की हो दादा.

आणि सैतानाचं म्हणाल तर, अर्थ नावाचा अजून एक बँड निघाला, एकदा म्हणे त्या लोकांच्या ऐवजी ह्यांनाच बोलावलं गेलं, म्हणून नाव बदलायचं ठरलं. सरावाच्या जागेसमोर थेटर होतं, तिथं भुताच्या पिक्चरला ही लाइन. ह्यांच्या डोक्यात आलं, लोक घाबरायला पैसे देतायत तर घाबरवणारी गाणी का नको? बोरिस कार्लॉफचा 1963 चा पिक्चर होता ब्लॅक सॅबथ, तेच नाव उचललं. 1969 चा ऑगस्ट. बटलरनं लिहिलेली बरीच गाणी उलट सैतानाला भिऊनच आहेत, आणि युद्धाविरुद्ध आहेत.

एक राहिलंच. 1968 च्या डिसेंबरात आयोमी काही आठवडे जेथ्रो टल नावाच्या दुसऱ्या बँडमध्ये गेला होता. म्हणजे ॲस्टनमधनं सुटका झाली होती त्याची. तिथं बघितलं तर हे लोक सकाळी नऊला सरावाला हजर, कामावर आल्यासारखे. परत आला आणि ह्या तिघांना सांगितलं, उद्यापासून नऊ वाजता. कारखान्याची शिफ्ट चुकवून बँड काढला आणि बँडमध्ये परत शिफ्ट लावली! मग हँबर्गच्या स्टार क्लबमध्ये दिवसाला सहा-सात वेळा स्टेजवर. गाणी संपली की तीच लांबवायची, त्यातनंच नवीन निघाली.

1969 च्या ऑक्टोबरात लंडनला पहिला अल्बम एका दिवसात रेकॉर्ड केला, समोर वाजवतो तसाच. सुरुवातीलाच आयोमीच्या स्ट्रॅटोकास्टर गिटारचा पिकअप (तारांचा आवाज पकडणारा भाग) गेला म्हणून बाजूला ठेवलेली दुसरी गिटार, गिब्सन एसजी घेतली, तेव्हापासून एसजीच त्याची ओळख झाली. घंटा आणि पाऊस नंतर घातला. 13 फेब्रुवारी 1970, शुक्रवार, अल्बम बाहेर. पेपरवाल्यांनी चोपून काढला, लोकांनी ब्रिटनमध्ये आठ नंबरला नेला. त्याच सप्टेंबरात दुसरा अल्बम पॅरानॉइड, सरळ एक नंबर. त्याचं नाव आधी दुसरं ठरलेलं, पण अल्बममध्ये थोडी जागा उरली म्हणून अर्ध्या तासात जे एक गाणं पाडलं तेच सिंगल म्हणून चार नंबरला गेलं आणि कंपनीनं अल्बमला पण तेच नाव दिलं. आठ महिन्यात दोन अल्बम. पुढं माणसं बदलली, भांडणं झाली, ऑझीला काढला, परत आला, ते मोठं महाभारत हाय. शेवटी 5 जुलै 2025 ला हेच चौघं ॲस्टनमध्येच, व्हिला पार्कवर एकत्र वाजवले, ऑझी खुर्चीत बसून गायला आणि 22 जुलैला गेला. मी त्या रात्री पाऊस असून गच्चीवर जाऊन बसलो होतो, बायको म्हणाली कोण वारलंय?

मामा, एक प्रश्न विचारायचा राहिला. भाच्याचा हात कुठला? आयोमी डावखुरा, म्हणून उजव्या हातानं तारा दाबतोय, तोच हात गेला होता.

उद्यमबागचा_मामा

उजवा. आणि पोरगं उजवंच हाय.

कॅम्पातला_जुना_ड्रमर

अहो मग तारा दाबायचा हात डावा, तो तर शाबूत हाय की! उजव्यात फक्त पिक (तारा छेडायची चकती) धरायचं, अंगठा आणि पहिलं बोट. टोपण पण लागत नाही त्याला.

निपाणीकर_76

हे त्याला माहीत नसेल असं वाटतंय काय तुम्हाला? मार्चपासून दुसरं काय डोक्यात असणार त्याच्या. वाजवत नाही ते बोटांमुळं नाही मामा. विचारा त्याला, आम्हाला काय विचारता.

उद्यमबागचा_मामा

दोन दिवसांनी लिहितोय. विचारलं. गप्पच बसला आधी, मग म्हणाला मामा, वाजवताना सगळे हाताकडंच बघतात, पिक धरलेल्या हाताकडं, आणि मग कुणीतरी जवळ येऊन विचारतंय कसं झालं. निपाणीकर, तुमचं बरोबर होतं.

फॉरवर्ड दाखवला नाही. ड्रमरभाऊंनी लिहिलेलं वाचून दाखवलं, शेवटच्या दिवसाचं, आईचं. तेव्हा काय बोलला नाही. पण त्या आयोमीच्या टोपणांचा फोटो मोबाईलवर काढून मोठा करून करून बघायला लागला आणि म्हणतोय काय, "मामा, हे फिनिशिंग बघ किती खराब हाय. नायलॉनचा बार घेऊन लेथवर टर्निंग केलं तर दहा मिनिटात ह्याच्यापेक्षा चांगलं निघतंय." मी म्हटलं तुला कुठं लागतंय, तुझा हात उजवा. तर म्हणतोय लागत नाही, पण काढून बघू की. रविवारी शॉप बंद असतंय, मालकाला विचारतो.

पेटीवाली ताई, तुमचे तीन सूर त्याला सांगितले. म्हणाला माहीत हाय.

रात्री गिटार माळ्यावरून खाली आली, मी काढली नाही, त्यानंच काढली. ह्या पावसात कव्हराला बुरशी आणि तारा सगळ्या गंजलेल्या, हाताला तांबडं लागतंय. नवीन सेट आणायला सांगितलाय मला. 09 चा म्हणजे काय ते कळलं नाही, 10 चा पण असतोय म्हणे, दुकानात जाऊन येडा ठरायला नको म्हणून विचारतोय.

कॅम्पातला_जुना_ड्रमर

तारेची जाडी हो, 09 म्हणजे पातळ. तोच आणा, आणि दोन सेट आणा, पहिल्या दिवशी एक तुटतेच.