जुन्या 'स्टार वॉर्स'चा नाद आणि लोकांच्या नजरा : तुमचे अनुभव लिहा

गेल्या आठवड्यात ऑफिसात दुपारच्या चहाला उभे होतो. किल्ल्या टेबलावर ठेवल्या होत्या, टीममधल्या एकाने माझं किचेन उचलून बघितलं. 'स्टार वॉर्स'मधलं अंतराळयान, मिलेनियम फाल्कन. पंधरा वर्षं वापरतेय, कडा घासून आतलं पितळ दिसायला लागलंय. "मॅडम, मुलाचं का?" म्हटलं, "नाही, माझं." मग जे हसू टेबलाभर फिरलं ते तुमच्यातल्या बऱ्याच जणांच्या ओळखीचं असेल. कोणी वाईट काही बोललं नाही. "अजून बघता ते? नर्डच आहात की!" एवढंच. पण पुढच्या मीटिंगला जाताना मी किल्ल्या पर्समध्ये टाकल्या, आणि आपण त्या लपवल्या हे मला दिवसभर लागून राहिलं.

मी बेचाळीस वर्षांची आहे. १९७७, १९८० आणि १९८३ साली आलेले पहिले तीन चित्रपट मला मनापासून आवडतात, आणि ते कसे घडले हे वाचण्यात मी कितीतरी रात्री जागवल्या आहेत. आमच्याच टेबलावर एक गृहस्थ लॉर्ड्सवरच्या फायनलचं स्कोअरकार्ड तोंडपाठ म्हणतात. सगळे कौतुकाने ऐकतात, मीही ऐकते. ती फायनल झाली २५ जून १९८३ला. माझा तिसरा चित्रपट अमेरिकेत लागला २५ मे १९८३ला. एक महिन्याचं अंतर. एक लक्षात ठेवलं तर दर्दी आणि दुसरं ठेवलं तर खुळी, हे मला खरंच समजत नाही.

म्हणून हा धागा. कोणी हिणवलं, कोणी पाठीशी उभं राहिलं, लपवलंत की नाही लपवलंत, जे घडलं ते लिहा. आणि नेमकं काय आवडतं तेही लिहा, कारण ते आपल्याला कोणी विचारतच नाही.

*

आमच्याकडं कोल्हापूर भागात नाद हा शब्द मानानं घेतात. कुस्तीचा नाद, कबुतरांचा नाद, शर्यतीच्या बैलांचा नाद. माझा नाद मात्र सांगितला की समोरचा आधी गप्प होतो, मग विषय बदलतो.

मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. पहिला भाग बघितला तो गल्लीतल्या गणपतीत. व्हीसीआर भाड्यानं आणला होता, दोन हिंदी पिक्चर ठरले होते आणि तिसरी कॅसेट लायब्ररीवाल्यानं चुकून दिली. इंग्रजी कुणालाच कळंना. निम्मी गल्ली उठून घरी गेली. मला तरी कुठं कळत होतं, पण मी त्या आवाजांना चिकटून बसलो. असले आवाज मी कधी ऐकलेच नव्हते.

बारावीत असताना एका मासिकात वाचलं की ते आवाज बेन बर्ट या माणसानं साध्यासुध्या वस्तूंमधून गोळा केले होते. प्रकाशाच्या तलवारीची घुंघुं म्हणजे सिनेमाच्या प्रोजेक्टरच्या मोटरची घरघर, आणि तिच्यात माईक टीव्हीच्या पिक्चर ट्यूबजवळ नेल्यावर येणारी गुणगुण मिसळलेली. डार्थ व्हेडर या काळ्या मुखवट्यातल्या खलनायकाचा श्वास पाणबुड्यांच्या श्वासयंत्रातून घेतलेला. आणि बंदुकीचा 'प्यूऽऽ' कशाचा, तर रेडिओच्या मनोऱ्याला ताण दिलेल्या तारेवर मारलेल्या ठोक्याचा.

वडील साखर कारखान्यात कामाला होते. आवारात वायरलेसचा उंच टॉवर होता, चहूबाजूंनी तारांनी ओढून धरलेला. रविवारी दुपारी मी पाना घेऊन गेलो, तारेला कान लावला आणि वीतभर वर ठोका मारला. तोच आवाज. लांब, वरून खाली घसरत आलेला. अंगावर काटा आला. दहा-बारा वेळा तरी मारला असेल. मग वॉचमननं दंडाला धरून वडिलांपुढं नेलं. "तुमचं पोरगं तार वाजवतंय." वडील माझ्याकडं बघत राहिले. वर्षभर कारखान्यात मला 'तारवाला' म्हणायचे, आणि ते काही प्रेमानं नव्हतं.

त्या आवाजाचं कारण मला पुढं बीएस्सीला कळलं. जाड तारेला आडवा ठोका दिला की लहरींतला बारीक पट्टीचा भाग पुढं धावतो आणि खर्जातला मागून पोचतो. म्हणून 'टक्' न होता 'प्यूऽऽ' होतं. आता दरवर्षी नववीला ध्वनीचा धडा आला की मी स्लिंकी आणतो, ते स्प्रिंगचं खेळणं. पत्र्याचंच घ्यायचं, प्लॅस्टिकचं चालत नाही. वरच्या टोकाला कागदी कप अडकवायचा, स्प्रिंग खाली लोंबू द्यायची आणि पेन्सिलीनं टिचकी मारायची. कपातून तोच आवाज येतो. वर्गात कप कुणी धरायचा यावरनं भांडणं होतात.

स्टाफरूममध्ये एक सहकारी दरवर्षी म्हणतात, "सरांचं पोरपण काय जात नाही." मी कप त्यांच्याही हातात दिलाय. अजून त्यांनी टिचकी मारलेली नाही.

*

मला दोन्ही बाजूंनी ऐकावं लागलं.

इंजिनिअरिंगला मुलं माझी तोंडी परीक्षा घ्यायची. खरी फॅन असशील तर अमक्या ग्रहाचं नाव सांग, तमक्या जहाजाचं नाव सांग. चुकलं तर 'बघा', आणि बरोबर आलं तर 'भावाने शिकवलं असणार'. मला भाऊ नाही. एका दिवशी कंटाळून मीच विचारलं, पहिल्या चित्रपटाच्या संकलनाचं ऑस्कर कोणाला मिळालं? कोणालाच येईना. तिघांना मिळालं, त्यात एक बाई होती, मार्शिया लुकास. शेवटची आकाशातली लढाई, जिच्यावर हे सगळे जीव टाकायचे, ती जुळवायला तिने कित्येक आठवडे घालवले. आणि दुसऱ्या भागाचा पहिला खर्डा ली ब्रॅकेट या लेखिकेने लिहिला. १९७८ साली त्या गेल्या, चित्रपट आला १९८०ला. हे सांगितल्यावर परीक्षा बंद झाल्या. मैत्री मात्र कोणाशी झाली नाही, ते दुखतंच.

घरचं वेगळं. एक स्थळ बघायला आलं होतं. कांदेपोहे झाले, मुलाच्या आत्या सहज उठून माझ्या कपाटापाशी गेल्या. तिथे लेयाचं, या चित्रपटांतल्या राजकन्येचं, पोस्टकार्डाएवढं चित्र होतं, साध्या लाकडी चौकटीतलं. त्यांनी ते हातात घेतलं, परत ठेवलं आणि आईला विचारलं, "लग्नानंतर हे सगळं इथेच राहील ना?" आई गडबडली. बाबा एरवी अशा वेळी तोंड उघडत नाहीत. ते म्हणाले, "ती जाईल तिथे तेही जाईल."

ते स्थळ पुढे सरकलं नाही. चित्र आज ठाण्याच्या घरात आहे, माझ्या नवऱ्याने स्वतः खिळा ठोकला. २७ डिसेंबर २०१६च्या रात्री उशिरा बाबांचा फोन आला. इतक्या उशिरा ते कधी फोन करत नाहीत, माझ्या पोटात गोळाच आला. "बाळा, कॅरी फिशर गेली गं. टीव्हीवर सांगताहेत." लेयाचं काम तिनेच केलेलं. त्यांनी तीनपैकी एकही चित्रपट पुरा पाहिलेला नाही.

*

वय २०, नाशिक. मला उलटं ऐकावं लागतं, 'आजोबांच्या काळातलं काय बघतोस?' रूममेट म्हणतो ग्राफिक्स जुने आहेत. पण ते ग्राफिक्स नाहीतच ना! पहिल्या भागाच्या सुरुवातीला डोक्यावरून जाणारं, संपता संपत नाही असं वाटणारं ते अंतराळातलं जहाज हे साधारण तीन फुटांचं मॉडेल होतं, आणि त्याच्यावरचं बारीक काम दुकानात मिळणाऱ्या रणगाड्यांच्या नि विमानांच्या किटमधल्या तुकड्यांचं. जहाज जागेवर, कॅमेरा हलणारा. मी हे ऐकल्यापासून एक फुटाचं बनवतोय. बॉलपेनच्या रिफिली, जुन्या रिमोटचे तुकडे, गोळ्यांच्या पाकिटांची पाठ. झालं की फोटो टाकतो.

*

वरचं बाबांचं वाचून लिहावंसं वाटलं.

आजोबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा मी त्यांच्यापाशी सातारला महिनाभर होते. वाचायचं नाही, टीव्ही लांबून आणि थोडाच. दुपारी झोप येईना. मग मी त्यांना दुसरा भाग सांगायला घेतला, रोज अर्धा तास, कीर्तनात आख्यान लावतात तसा. काकूला ते मुळीच पटलं नाही. "म्हाताऱ्या माणसाला चार चांगल्या गोष्टी वाचून दाखवायच्या, तर हे काय भुताखेतांचं." रोज दारातून ऐकवून जायची.

माझी खरी अडचण योडापाशी झाली, म्हणजे नायकाच्या त्या म्हाताऱ्या, बुटक्या गुरूपाशी. इंग्रजीत तो शब्दांची उलटापालट करतो, कर्म आधी, क्रियापद शेवटी, म्हणून तो वेगळा वाटतो. पण आपल्याकडे क्रियापद शेवटीच असतं. त्याचं बोलणं मराठीत आणलं की सरळ होऊन बसायचं, शेजारच्या काकांसारखं. दोन दिवस विचार केला. मग क्रियापद उचलून पुढे ठेवलं. "आहे घाई फार तुला. दिसत नाही म्हणून जवळचं काही." आजोबांनी डोळ्यांवरची हिरवी पट्टी सावरली आणि म्हणाले, "अगं, हा तर ओवीतलं बोलतोय." त्यांनी पूर्वी पारायणं केलेली. कवितेत आपण क्रियापद सहज पुढे घेतो, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

तेव्हापासून ते 'बुवा' म्हणायचे त्याला. "आज बुवा काय म्हणतात?" शेवटच्या आठवड्यात काकूही दारात थांबायला लागली. आत यायची नाही, पण हातातली भाजी तिथेच निवडायची. व्हेडर हाच नायकाचा बाप हे उघड झालं त्या दिवशी तिच्या हातातली मेथीची जुडी तशीच राहिली, आणि ती आजोबांच्या आधी बोलली, "असं कसं होईल?"

*

माझी कहाणी नॉर्वेतली आहे. मूळ सोलापूरचा, बर्फ म्हणजे गोळावाल्याचा. दुसऱ्या भागातला बर्फाचा ग्रह बघून मी शाळेत असताना ठरवलं होतं की असं ठिकाण बघायचं. मेहुणे सगळ्यांसमोर म्हणायचे, "ह्याला सिनेमातल्या जागेचं घर घ्यायचंय." आई त्यांना काही म्हणायची नाही, मलाही काही म्हणायची नाही. ती न बोलण्याचंच मला जास्त वाईट वाटायचं.

नोकरीनिमित्त ओस्लोला आलो. आई पहिल्यांदा आली त्या एप्रिलमध्ये तिला फिन्सेला घेऊन गेलो. बर्गनच्या गाडीने चार-साडेचार तास. समुद्रसपाटीपासून १२२२ मीटर, नॉर्वेतलं सगळ्यात उंचावरचं रेल्वे स्टेशन. रस्ता नाही, गाडीनेच जायचं. स्टेशनला लागूनच हॉटेल, आणि पलीकडे हार्डांगरची हिमनदी. १९७९च्या मार्चमध्ये तिथे चित्रीकरण होतं आणि जबर हिमवादळ आलं. बाहेर पडणं अशक्य झालं तेव्हा त्यांनी कॅमेरा हॉटेलच्या मागच्या दारात लावला, आणि नायकाचं काम करणारा मार्क हॅमिल बाहेरच्या वादळात धडपडत चालला. पडद्यावर तो उजाड ग्रहावर एकटा आहे. खरं म्हणजे दार काही पावलांवर होतं.

हे मी आईला गाडीत सांगितलं. ती खिडकीबाहेर बघत होती, वाटलं ऐकलंच नाही. हॉटेलवर पोचलो. जाकिटावरून शाल, कानटोपी, अशी ती लॉबीत बसली. चहा प्यायली आणि म्हणाली, "चल, ते दार दाखव."

बाहेर गुडघाभर बर्फ होता. चार पावलं चालून ती थांबली. "इथे पडला तो?" म्हटलं, इथेच कुठेतरी. तिने वाकून हातमोजा काढला, बर्फ मुठीत धरला आणि बराच वेळ धरून ठेवला, बोटं लाल होईपर्यंत. मग म्हणाली, "मेहुण्यांना फोटो पाठव."

*

मी दुसऱ्या बाजूचा माणूस आहे. लिहावं की नाही असा विचार करत होतो, पण वरचं सगळं वाचून न लिहिणं बरं दिसणार नाही.

हसणारा मी होतो. धाकटा भाऊ माझ्याहून सहा वर्षांनी लहान. त्याच्याकडे एक दोनशेपानी वही होती, तपकिरी कव्हरची. इंग्रजी मासिकांतून, वर्तमानपत्रांतून, कोणाच्या परदेशातून आलेल्या खाऊच्या डब्यावरून कापलेली चित्रं खळ लावून त्याने चिकटवली होती, खाली बारीक अक्षरात माहिती. मित्र घरी आले की मी ती वही काढून मोठ्याने वाचून दाखवायचो आणि आम्ही हसायचो. तो आतल्या खोलीत असायचा.

१९९१ साली घराला रंग काढला तेव्हा मी ती रद्दीत घातली. त्याला वाटलं हरवली. त्याने पंधरा दिवस घर शोधलं, माळा शोधला. मी त्याच्याबरोबर शोधल्यासारखं केलं. त्यानंतर त्याने हा विषय घरात कधी काढला नाही. आज तो पन्नाशीचा आहे.

या धाग्यावरचा पहिला अनुभव वाचला त्या रात्री त्याला फोन केला आणि सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मला माहीत होतं, दादा. रद्दीवाल्याने सांगितलं होतं तेव्हाच."

मला काय बोलावं सुचेना. मी विचारलं, "वहीत काय काय होतं?" तो सांगायला लागला, पहिल्या पानापासून, कुठलं चित्र कुठे, खाली काय लिहिलेलं, कुठल्या पानाला खळ जास्त लागून डाग पडला होता. मी फोन खांद्याला धरून कागद घेतला आणि उतरवून घ्यायला लागलो. एकेचाळीसाव्या पानापर्यंत आलो तेव्हा त्याच्याकडे पाहुणे आले. बाकीचं रविवारी सांगतो म्हणालाय.