दीड लाखाची गाडी, बेचाळीस हजारांचं काम. करू का नको?

पहिलीच_गाडी:
मंडळी, सल्ला हवाय, शिव्या नकोत, त्या घरी मिळून झाल्यात. मागच्या महिन्यात 2011ची वॅगन आर घेतली, पेट्रोल, मीटरला 71 हजार, ओळखीतून 1 लाख 55 हजारांना. पुण्यात चांदणी चौकाच्या चढाला इंजिन नुसतं ओरडतं आणि गाडी पुढे जायचं नाव घेत नाही. गॅरेजला दाखवली तर मिस्त्रींनी कागदावर लिहून दिलं : क्लच 7,500, सस्पेन्शन 11,500, चार टायर 14,000, ब्रेक 4,200, एसी 4,800. बेरीज 42,000! वर जून 2026ला पंधरा वर्षं भरतात म्हणजे आरटीओत परत पासिंग. ऑफिसमधला मित्र म्हणतो जशी आहे तशी विकून टाक. काय करू?

हप्तेवाला:
मित्र शहाणा आहे तुझा. किमतीच्या पाव हिश्श्याहून जास्त पैसे पहिल्याच महिन्यात घालायचे आणि विकताना त्यातला एक रुपया मिळत नाही, गिऱ्हाईक विचारतं मॉडेल कुठलं, किलोमीटर किती, बस. क्लच नवीन टाकलाय म्हणून कोणी दहा हजार वाढवून दिलेले मी तरी बघितले नाहीत. ही विकून टाक नि चार लाखांचं कर्ज काढून छोटी नवी घे, 9 टक्क्यांनी पाच वर्षं धरलं तर महिन्याला 8,300 हप्ता येतो. वॉरंटी, डोक्याला शांतता.

कर्वेनगरचे_काका:
अहो हप्तेवाले, 8,300 गुणिले पाच करा. साडेएकेचाळीस हजार. म्हणजे ज्या कागदाला तुम्ही एवढे घाबरलात तो तुमचे पाच हप्ते आहे, आणि तुमचे उरलेले पंचावन्न हप्ते शिल्लकच! आमची मारुती 800 आम्ही एकोणीस वर्षं वापरली, दर दोन वर्षांनी कोणीतरी यायचं आणि सांगायचं काका काढून टाका आता. त्या सगळ्यांनी तेवढ्या काळात तीन-तीन गाड्या बदलल्या. गाडी विकायला घेतात का वापरायला?

हप्तेवाला:
काका तुमचा काळ वेगळा होता. 800ला होतं काय बिघडायला? आणि तुम्ही निवृत्त आहात, गॅरेजच्या बाकड्यावर बसून पेपर वाचू शकता. याला नोकरी आहे. तीन शनिवार गेले की त्याची किंमत कोण धरणार?

कर्वेनगरचे_काका:
पेपर मी घरीच वाचतो.

गॅरेजवाली:
वडिलांचं गॅरेज होतं, बिलाची वही मी लिहायचे, त्यामुळे थोडं बोलते. तुम्ही दोघंही 42,000 हा एकच आकडा धरून भांडताय, तिथेच गोंधळ आहे. टायर हे गाडी जुनी आहे म्हणून आलेलं काम नाहीये, नवीन गाडीलाही चार-पाच वर्षांनी तेच लागणार. दादा, टायरच्या बाजूला लंबगोलात चार आकडे असतात ते वाच, 3218 असेल तर 2018 सालचा बत्तिसावा आठवडा. गोटा झालेले नसले तरी सात-आठ वर्षांचं रबर कडक होतं आणि पावसात ब्रेकला धरत नाही. ते आणि ब्रेक, याच्यावर चर्चाच नको, 18,200 तिथे जाणारच. क्लचचं म्हणशील तर चढाला इंजिन ओरडतं आणि वेग वाढत नाही म्हणजे प्लेट घसरतेय, हे लक्षण पक्कं आहे, तोही कर. उरलं सस्पेन्शन. तिथे मिस्त्रींना विचार की 11,500मध्ये काय काय आहे. खड्ड्यात खडखड येते ती पुष्कळदा लिंक रॉड आणि बुश या सांध्यातल्या छोट्या भागांची असते, त्याला शॉकअप बदलायची गरज नसते. शॉकअपवर तेल ओघळलंय का बघ, कोरडे असतील तर राहू दे. सुटे भाग स्वतः नाना पेठेतून आणलेस तर थोडे वाचतील, पण मग भाग खराब निघाला तर मिस्त्री हात वर करतो, हेही धरून चाल. एसी दिवाळीनंतर बघ.

हप्तेवाला:
ताई मुद्दा मान्य, पण पासिंगचं काय? 2022पासून पंधरा वर्षांपुढच्या गाडीच्या रजिस्ट्रेशनचं नूतनीकरण 600चं 5,000 झालंय, हरित कर वेगळा, एजंट वेगळा, आणि मिळतात किती, तर पाच वर्षं. वीस वर्षांच्या पुढे गेली की तेच 10,000. सरकार सरळ सांगतंय की गाडी काढा.

भोसरी_14:
सरकार सांगत नाहीये, फी वाढवतंय, फरक आहे. पंधरा वर्षं झाली की गाडी जप्त ही अफवा आपल्याकडे दिल्लीवरून आलीय, तिथला नियम इथे नाही. मी माझी सॅन्ट्रो गेल्या वर्षी पासिंग करून आणली. मुदत संपायच्या आधीच्या साठ दिवसांत अर्ज करता येतो, तो वेळेत कर, कारण उशीर झाला की कारला महिन्याला 500 दंड चढत जातो. पीयूसी, इन्शुरन्स चालू, जुनी चलनं भरलेली. दिवे सगळे लागले पाहिजेत, माझी नंबरप्लेटवरच्या दिव्यासाठी परत पाठवली होती, तीस रुपयांचा बल्ब! हो आणि गाडी तुझ्या नावावर झालीय ना? फॉर्म 29 आणि 30 वर नुसत्या सह्या घेऊन बसला असशील तर तो सगळ्यात मोठा खर्च आहे, या 42,000पेक्षा मोठा.

पहिलीच_गाडी:
नावावर झाली, इन्शुरन्सही. चलन एक होतं, सिग्नलचं, भरलं. गॅरेजवाली ताई, एवढं कोणी समजावून सांगितलं नव्हतं. टायरवर 0917 आहे म्हणजे 2017! मीटर 71 हजार खरं असेल का हो? आधीचे मालक चांगले आहेत, सहकारनगरला बंगला आहे, गाडी पहिल्यापासून तिथेच पार्किंगला असायची.

गॅरेजवाली:
मीटरचं सोड, पेडलचं रबर, स्टिअरिंगचा चकाकलेला भाग आणि ड्रायव्हर सीटची कड बघून अंदाज येतो, आणि अधिकृत सर्व्हिस सेंटरला नंबर दिला की जुन्या नोंदी बऱ्याचदा कळतात. पण थांब. सहकारनगर? 2019ला पण तिथेच होती? 25 सप्टेंबरच्या रात्री आंबिल ओढ्याला पाणी आलं तेव्हा तिकडच्या सोसायट्यांमधून गाड्या वाहून एकमेकींवर चढल्या होत्या. घाबरवत नाहीये, पण हे आधी बघ, टायर नंतर. एक, शेजारच्या सीटखालचा ट्रे काढ आणि खालचं कार्पेट उचल, त्याच्या खालचा नमदा चोळला तर बारीक माती येते का. दोन, स्टेपनी काढून तिच्या खड्ड्याच्या कोपऱ्यात बोट फिरव. तीन, सीटचे बोल्ट पत्र्याला बसतात तिथे गंज. चार, सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढ, अगदी थांबेपर्यंत. धुणारे सगळं धुतात, पण रोज लागतो तेवढाच पट्टा. आत गुंडाळलेला कोणी धूत नाही.

कर्वेनगरचे_काका:
ताई, आली असेल पाण्यात, पण त्यानंतर सहा वर्षं पळालीच ना? बिघडायचं ते एव्हाना बिघडून दुरुस्त झालं असेल. पोराला उगाच घोर नका लावू.

गॅरेजवाली:
काका, इंजिनाबद्दल तुमचं बरोबर आहे, पाणी आत गेलं असतं तर तेव्हाच कळलं असतं. वायरिंगचं तसं नसतं. कनेक्टरमधे हिरवट थर धरतो, तो वर्षानुवर्षं वाढतो आणि मग एक दिवस पॉवर विंडो, एक दिवस पंखा, एक दिवस चालू गाडी बंद. अशी एक गाडी आमच्याकडे चार वेळा आली होती, प्रत्येक वेळी वेगळी तक्रार. शेवटी वडिलांनी डॅशबोर्ड उतरवला तर मागे वाळलेल्या चिखलाची पापडी.

हप्तेवाला:
आता बोला.

कर्वेनगरचे_काका:
पोरगा बोलेल, आपण कशाला. गेला बघायला बहुतेक.

पहिलीच_गाडी:
आत्ताच वर आलो पार्किंगमधून, बायको टॉर्च धरून उभी होती आणि वॉचमन विचारत होता काही हरवलंय का. स्टेपनीचा खड्डा स्वच्छ. जरा जास्तच स्वच्छ, काळा रंग मारलाय. ट्रेखाली माती नाही, पण कार्पेटचा रंग पुढे वेगळा आणि मागे वेगळा आहे, हे मला महिनाभर दिसलंच नाही. पुढचे दोन्ही पट्टे ओढले, एकदम छान. मग बायकोने खालचं लेबल वाचलं, त्यावर तारीख असते हे मला माहीत नव्हतं. नोव्हेंबर 2019. 2011च्या गाडीला. मागचे पट्टे मात्र मूळचेच आहेत, डावीकडचा पूर्ण ओढला तर शेवटची वीतभर मातकट, आणि जिथे रंग बदलतो तिथे पेन्सिलीने मारावी तशी सरळ रेघ.

गॅरेजवाली:
क्लच, टायर, एसी सगळं थांबव. ब्रेक तेवढे कर, कारण गाडी गॅरेजपर्यंत न्यायचीय. मिस्त्री नको, चांगला ऑटो इलेक्ट्रिशियन गाठ, डॅशबोर्डखालचे आणि सीटखालचे कनेक्टर उघडून फोटो काढायला सांग, आणि ते फोटो इथे टाक. हिरवं दिसलं तर बेचाळीसचं गणित नव्याने मांडू.

हप्तेवाला:
आणि ओळखीतल्या माणसाला फोन?

पहिलीच_गाडी:
बाबांच्या मित्राचे साडू आहेत ते. बाबा म्हणतायत मी बोलतो, तू काही बोलू नकोस. अर्धा तास झाला, गच्चीवर फेऱ्या मारतायत, फोन अजून लावलेला नाही.