शब्दचर्चा : ‘कंटेंट फार्म’ला मराठीत नेमके काय म्हणावे?

अक्षरवेल
एका लेखाच्या अनुवादात ‘कंटेंट फार्म’ (जाहिरातीच्या उत्पन्नासाठी ढिगाने लेख काढणारे संकेतस्थळ) हा शब्द वारंवार येतो. ‘आशय-शेती’, ‘मजकूर-शेती’ आणि ‘मजकूर-कारखाना’ असे तीन पर्याय समोर आहेत. माझा कल तिसऱ्याकडे आहे. मूळ शब्दातल्या तीन छटा सुटू नयेत असे वाटते. एक म्हणजे लेखांची संख्या प्रचंड असते. दुसरे, लेख वाचकाच्या गरजेपेक्षा शोधयंत्राच्या निकालात वर येण्यासाठी लिहिलेला असतो. तिसरे, लिहिणाऱ्याला तो विषय कळलाच पाहिजे अशी अट नसते. जाणकारांनी मत द्यावे.

संकेतस्थळकार
आधी वस्तू समजून घेऊ, नाव नंतर ठेवू. या प्रकाराचे सर्वांत गाजलेले उदाहरण अमेरिकेतल्या डिमांड मीडिया कंपनीचे. ती २००६ मध्ये सुरू झाली आणि ‘ईहाऊ’ हे तिचे मुख्य संकेतस्थळ. तिथे विषय संपादक ठरवत नसे. लोक काय शोधतात, त्या शब्दांवर जाहिरातदार किती पैसे मोजतात आणि त्या विषयावर आधीच किती पाने आहेत, या तीन गोष्टींचा हिशेब संगणक करी आणि त्यातून मथळे निघत. मथळ्यांची यादी मुक्त लेखकांपुढे ठेवली जाई. ज्याने जो मथळा उचलला त्याने तो लिहायचा. ‘वायर्ड’ मासिकाने ऑक्टोबर २००९ मध्ये या पद्धतीवर सविस्तर लिहिले. त्यानुसार एका लेखाला साधारण १५ डॉलर मिळत, मजकूर तपासणाऱ्याला लेखामागे अडीच डॉलर आणि तथ्ये तपासणाऱ्याला एक डॉलर.

मला त्या एका डॉलरपाशी थांबावेसे वाटते. लेखात दहा विधाने असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला दहा सेंट येतात. एवढ्यात कोणी पुस्तक उघडणार नाही, जाणकाराला फोन करणार नाही. फार तर दुसरे एखादे संकेतस्थळ पाहील, आणि तेही बहुधा याच पद्धतीने भरलेले असेल. दर्जा घसरतो तो इथे. लेखक आळशी असतो म्हणून नव्हे, तपासणीचा खर्च उत्पन्नाच्या हिशेबात बसत नाही म्हणून.

गूगलने फेब्रुवारी २०११ मध्ये शोधनिकालांची पद्धत बदलली. अमेरिकेतल्या ११.८ टक्के शोधांवर त्याचा परिणाम होईल, असे कंपनीनेच सांगितले होते. हा बदल ‘पांडा’ म्हणून ओळखला जातो, आणि ते नाव प्राण्यावरून नव्हे, नवनीत पांडा या अभियंत्यावरून पडले. अधिकृत नाव कळण्याआधी निरीक्षक त्याला ‘फार्मर’ म्हणत. ईहाऊला पहिल्या फेरीत विशेष धक्का बसला नाही, एप्रिलच्या फेरीत बसला.

कोशवाचक
‘शेती’ला माझा ठाम विरोध आहे. इंग्रजीत ‘फार्म’ला कुक्कुटपालन केंद्रासारख्या बंदिस्त, यंत्रवत उत्पादनाची छटा आहे. मराठी ‘शेती’ला ती नाही. ‘मजकूर-शेती’ म्हटले की कोणीतरी मशागत करून मजकूर पिकवतो आहे असे वाटते, म्हणजे दोषाऐवजी कौतुकच होते. ‘पीक’ची गोष्ट वेगळी. ‘गल्लोगल्ली कवींचे पीक आले आहे’ यात नको तितकी वाढ आणि नाराजी दोन्ही आहेत. म्हणून ‘निकृष्ट लेखांचे पीक’ चालेल. पण ते घटनेचे वर्णन झाले, संस्थेचे नाव नव्हे.

या कामासाठी मराठीत शब्दांचा तुटवडा नाही. अडचण अशी की प्रत्येक शब्द वेगळ्या दोषावर बोट ठेवतो आणि आपण ते एकमेकांच्या जागी वापरतो.

‘रतीब’ म्हणजे ठरल्या वेळी, ठरल्या मापाने होणारा पुरवठा. दुधाचा रतीब आपल्या ओळखीचा. घोड्याच्या रोजच्या खाण्यालाही हाच शब्द होता. त्यात नियमितपणा आहे, निकृष्टपणा अपरिहार्य नाही. उत्तम सदर लिहिणारीही रतीब घालू शकते.

‘खोगीरभरती’ म्हणजे खोगीर फुगवण्यासाठी आत कोंबलेला माल. त्यावरून, केवळ आकार किंवा संख्या वाढवण्यासाठी घातलेली माणसे वा वस्तू. हा दोष लेखाच्या आतला आहे. दोनशे शब्दांच्या उत्तराचे बाराशे शब्द करणे म्हणजे खोगीरभरती. बारा हजार लेख काढणे म्हणजे खोगीरभरती नव्हे.

‘पाट्या टाकणे’ हा करणाऱ्याच्या वृत्तीचा दोष. ठरलेल्या पाट्या टाकल्या की काम संपले, त्यातून काय उभे राहते याच्याशी देणेघेणे नाही.

खिळेजुळारी
‘जिलब्या पाडणे’ राहिलेच की! मराठी आंतरजालावर सटासट, एकामागून एक कच्चे लेख टाकण्याला हाच शब्द वर्षानुवर्षे रूढ आहे आणि वाचकाला तो समजावून सांगावा लागत नाही. अनुवादात सरळ ‘जिलब्यांचा कारखाना’ का म्हणू नये?

कोशवाचक
खिळेजुळारी, शब्द जिवंत आहे, प्रश्नच नाही. पण जिलब्या पाडणारा बहुधा हौशी असतो. त्याला लिहिण्याची खुमखुमी असते, प्रतिसाद हवे असतात. अक्षरवेल यांना हवी आहे ती व्यवस्था हौशी नाही, त्यामागे जाहिरातीचा हिशेब आहे. हौशी माणसाला आणि त्या व्यवस्थेला एकच शब्द लावणे हौशी माणसावर अन्याय करणारे आहे.

त्याच कढईजवळचा दुसरा शब्द मात्र फार उपयोगी आहे : ‘घाणा’. तेलाचा घाणा नव्हे, तळणीचा. कढईत एका वेळी सोडलेला आणि एकदम बाहेर काढलेला माल म्हणजे एक घाणा. एकाच साच्यात गावाचे, आजाराचे किंवा योजनेचे नाव बदलून काढलेली पाचशे पाने ‘एकाच घाण्याची’ आहेत असे म्हटले की संख्या, सारखेपणा आणि घाई तिन्ही येतात.

दुभाषी
दोष ओळखायचा असेल तर मराठीतलेच उदाहरण घेऊ. ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजना जून २०२४ च्या अखेरीस जाहीर झाली. सुरुवातीला वयोमर्यादा २१ ते ६० होती आणि अर्जाची शेवटची तारीख १५ जुलै. जुलैच्या सुरुवातीलाच वय ६५ पर्यंत वाढवले गेले, पाच एकर जमिनीची अट काढली गेली, अधिवास प्रमाणपत्राला पंधरा वर्षांपूर्वीची शिधापत्रिका, मतदार ओळखपत्र, जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला असे पर्याय दिले गेले. मुदत आधी ३१ ऑगस्ट, मग ३० सप्टेंबर, मग १५ ऑक्टोबर अशी सरकत गेली.

अशा विषयावरची घाऊक पाने कशी बनतात ते पाहा. पहिल्या आठवड्यात आलेल्या एका पानावरून दुसरे, दुसऱ्यावरून तिसरे. पुढे अटी बदलतात तेव्हा मथळ्यात नवी तारीख घातली जाते, ‘नुकतेच अद्ययावत’ अशी ओळ येते, आणि आत मात्र साठ वर्षांची अट तशीच राहते. कधी वरच्या परिच्छेदात ६५ आणि खालच्या प्रश्नोत्तरांत ६०, कारण दोन तुकडे दोन ठिकाणांहून आलेले असतात. एकसष्ट वर्षांची बाई ते वाचून अर्जच करत नाही. याला मी ‘भेसळ’ म्हणेन. खऱ्यात खोटे असे मिसळले आहे की वाचणाऱ्याला वेगळे करता येत नाही. ‘टाकाऊ’, ‘रद्दी’, ‘गाळ’ हे शब्द इथे अपुरे आहेत. रद्दी रद्दीसारखी दिसते, भेसळ चांगल्या मालासारखी दिसते.

अशी पाने ओळखण्याच्या काही खुणा. सुरुवात ‘नमस्कार मित्रांनो, आजच्या लेखात आपण अमुकची संपूर्ण माहिती मराठीत जाणून घेणार आहोत’ अशी आणि त्यानंतर ‘चला तर मग’. मथळ्यातले शब्द पहिल्या शंभर शब्दांत चार-पाच वेळा, तेही विभक्तीशिवाय, कारण लोक शोधताना विभक्ती लावत नाहीत : ‘पीक विमा माहिती मराठी’, ‘माझी शाळा निबंध मराठी’. शासन निर्णयाचा क्रमांक नाही, दिनांक नाही, मूळ परिपत्रकाचा दुवा नाही. लेखकाचे नाव ‘अ‍ॅडमिन’. यातली एकच खूण दिसली तर दोष देऊ नये, तीन दिसल्या तर वयाची अट किंवा तारीख थेट शासन निर्णयात पाहावी.

अक्षरवेल
दुभाषी, ‘भेसळ’ फार नेमका आहे. पण यंत्राने, म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेने, लिहिलेल्या मजकुरालाही हे सगळे शब्द लागू पडतील का, की त्याला वेगळा शब्द हवा? इंग्रजीत अशा निकृष्ट मजकुरासाठी ‘स्लॉप’ रूढ झाला आहे. मेरियम-वेबस्टरने २०२५ चा शब्द म्हणून तोच निवडला.

संकेतस्थळकार
साधन बदलले, व्यवहार तोच. फरक इतकाच की पंधरा डॉलरचा लेख आता जवळपास फुकट झाला आणि तो एक डॉलर तर कोणी देतच नाही. गूगलनेही मार्च २०२४ मध्ये आपला नियम बदलताना मजकूर यंत्राने लिहिला की माणसाने यावर भर दिला नाही. वाचकाला मदत न करता केवळ निकालात वर येण्यासाठी ढिगाने पाने काढणे हा गैरवापर, मग ती कशीही काढलेली असोत, असा त्याचा रोख आहे.

यंत्राच्या चुकीचा पोत मात्र वेगळा असतो. ‘सीनेट’ या अमेरिकी संकेतस्थळाने यंत्राच्या मदतीने ७७ लेख काढले होते आणि जानेवारी २०२३ मध्ये त्यांतल्या ४१ लेखांत दुरुस्त्या केल्या. एका लेखात म्हटले होते की १०,००० डॉलर ३ टक्के चक्रवाढ व्याजाने ठेवले तर पहिल्या वर्षी १०,३०० डॉलर मिळकत होईल. मिळकत ३०० डॉलर. १०,३०० ही मुदलासह एकूण रक्कम. वाक्य सफाईदार आहे, व्याकरण निर्दोष आहे, म्हणून डोळा अडखळत नाही. पूर्वी निष्काळजी लेखाची भाषाही निष्काळजी असे आणि वाचक सावध होई. ती खूण आता गेली.

दुभाषी
मराठीसारख्या भाषांना याचा आणखी एक धोका आहे. भाषांतराची यंत्रे जालावरच्या मजकुरावर शिकतात. मराठी पाने इंग्रजीच्या मानाने थोडी, त्यामुळे त्यांत यंत्रानुवादित पानांचा वाटा वाढला की यंत्र आपलेच सदोष मराठी पुन्हा शिकते. ग्रीनलँडी भाषेच्या विकिपीडियावर नेमकी हीच चिंता पुढे आली. भाषा न येणाऱ्यांनी यंत्राच्या मदतीने तिथे लेख भरले होते, आणि २०२५ मध्ये तो विकिपीडिया बंद करण्याचा निर्णय झाला. मला तो निर्णय योग्य वाटतो. मोडक्या भाषेतल्या लेखांचा साठा असण्यापेक्षा नसलेला बरा.

खिळेजुळारी
सगळीच यांत्रिक निर्मिती वाईट, असे म्हणू नये. सेबुआनो या फिलिपिन्समधल्या भाषेच्या विकिपीडियावर स्वेर्केर योहान्सन यांच्या ‘एलएसजेबॉट’ या आपोआप लेख लिहिणाऱ्या संगणक-प्रणालीने साठ लाखांच्या आसपास लेख भरले आहेत. गावे, नद्या, वनस्पती, कीटक. माहिती विदागारातून (डेटाबेसमधून) येते, वाक्याचा साचा ठरलेला.

कोशवाचक
उदाहरण चांगले आहे, पण ते माझ्या बाजूने जाते. विदागारात एका टेकडीची नोंद दोनदा असेल तर दोन लेख होतात, आणि ते जुळवणारा माणूस त्या भाषेच्या समाजात पुरेशा संख्येने नाही. जाहिरात नाही, फसवणूक नाही, तरी तपासणी नाहीच. म्हणून याला ‘भेसळ’ म्हणू नये, ‘बिनतपासणीची भरती’ म्हणावे. दोष संख्येत शोधला की आपण चुकतो. शब्दकोशातही हजारो नोंदी असतात, पण प्रत्येक नोंद कोणीतरी पाहिलेली असते.

अक्षरवेल
मग संस्थेसाठी ‘मजकूर-कारखाना’ ठेवते, आणि संदर्भानुसार ‘एकाच घाण्याचे लेख’, ‘खोगीरभरती’, ‘भेसळ’. ‘आशय’ की ‘मजकूर’, हे एकदा सांगावे. काही ठिकाणी ‘सामग्री’ही दिसते.

कोशवाचक
‘सामग्री’ हिंदीतून आलेली सवय. मराठीत सामग्री पूजेची, बांधकामाची, युद्धाची. ‘आशय’ म्हणजे मजकुराच्या पोटातला अर्थ, म्हणून ‘आशयहीन मजकूर’ असे म्हणता येते. ज्या लेखांत आशय नाही ही आपली तक्रार, त्यांच्या कारखान्याला ‘आशय-कारखाना’ कसे म्हणणार? ‘मजकूर’च योग्य. चित्रफिती धरायच्या असतील तर सरळ ‘कंटेंट’ लिहावे, तो आता मराठीच आहे. आणि ‘क्वालिटी’साठी ‘गुणवत्ता’पेक्षा ‘दर्जा’ बरा. गुणवत्ता यादी विद्यार्थ्यांची असते, मालाचा दर्जा असतो.

लिहिताना ऱ्हस्व-दीर्घ सांभाळावे. मजकूर, पण मजकुराचा. रतीब, पण रतिबाचा. खोगीर, पण खोगिराचे. उपान्त्य ई-ऊ सामान्यरूपात ऱ्हस्व होतात. ‘मजकूर-कारखाना’त सामान्यरूप नाही, म्हणून तिथे दीर्घच. तसेच घाणा, घाण्याचे; अनेकवचन घाणे.