सर्व्हिस चार्ज काढायला लावला म्हणजे वेटरच्या पोटावर पाय?

खवचट_काका
काल एका ग्रुपवर पोस्ट वाचली. "दोन हजाराचं जेवतात आणि दोनशेच्या सर्व्हिस चार्जसाठी वेटरच्या पोटावर पाय देतात, असल्या लोकांनी घरी पिठलं खावं." खाली नुसत्या टाळ्या. डोकं फिरलं. तिथे लिहिलं असतं तर अ‍ॅडमिनने उडवलं असतं, त्यांचंच हॉटेल आहे, म्हणून इथे लिहितोय.

४ जुलै २०२२ ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने स्वच्छ सांगितलं की हा चार्ज बिलात आपोआप लावायचा नाही, दुसऱ्या नावाने लावायचा नाही आणि देत नाही म्हणून गिऱ्हाइकाला दारातून परतही पाठवायचं नाही. हॉटेलवाल्यांच्या संघटना कोर्टात गेल्या, त्याच महिन्यात स्टे आणला आणि मग जवळजवळ पावणेतीन वर्षं "मॅटर कोर्टात आहे सर" हे ऐकत आपण मुकाट पैसे भरले. २८ मार्च २०२५ ला दिल्ली हायकोर्टाने याचिका फेटाळल्या, वर लाख-लाख रुपये भरायला लावले. तरी गेल्या महिन्यात माझ्या बिलात १० टक्के आहेतच! आणि त्या दोनशेवर परत ५ टक्के जीएसटी! मॅनेजर म्हणे "स्टाफसाठी असतं". वेटरला हळूच विचारलं, मिळतं का रे? तो छताकडे बघायला लागला.

भट्टीवाला
आलं का हॉटेलवाल्यांवर. काका, माझी १४ टेबलं आहेत, तुमचा तो मॅनेजर मी नव्हे, तरी बोलतो. टिप मिळते ती टेबलावरच्या पोराला. आत भट्टीपाशी शिजणाऱ्याला आणि भांडी घासणाऱ्या मावशींना कोण टिप देतं? आम्ही सर्व्हिस चार्ज घ्यायचो तेव्हा महिनाअखेरीस पॉइंटवर, म्हणजे ज्याच्या त्याच्या ठरलेल्या वाट्याप्रमाणे, सगळ्यांना वाटायचो, मावशींनाही. आता बंद केलाय, कारण रोज एक वकील जेवायला येतो. मावशींना जाऊन निकालाची तारीख सांगा, खूश होतील. आणि अपील गेलंय वर, एवढं नाचू नका.

निशिगंधा
मग दर वाढवा की मेनूत. तुमचा दर तुम्ही ठरवायला कोणी अडवलंय? भाजी २२० ची लिहायची आणि बिलात २४२ करायची, राग त्याचा आहे. आणि पॉइंटबिंट मला सांगू नका, माझा भाऊ दीड वर्ष कॅप्टन (वेटरांच्या वरचा) होता एका मोठ्या हॉटेलात. सर्व्हिस चार्ज बिलात छापलेला, आणि महिन्याला हातात काय, तर "ब्रेकेजमध्ये गेला". ग्लास फोडले गिऱ्हाइकांनी, भरले पोरांनी. तुम्ही वाटत असाल, मान्य, पण मग तुम्ही अपवाद आहात.

भट्टीवाला
मेनूत वाढवले की शेजारच्याकडे जाता ना तुम्ही! अ‍ॅपवर लोक दर बघतात, खाली बिलात काय येणार ते कोण बघतं. एकट्याने प्रामाणिकपणा केला की टेबलं रिकामी.

निशिगंधा
म्हणजे दर कमी दिसावा म्हणूनच वेगळा लावायचा. धन्यवाद, हेच हवं होतं तोंडून.

रिकामी_बाटली
ते सर्व्हिस चार्ज वगैरे राहू द्या हो, पाण्याच्या बाटलीवर कोणी बोलणार आहे का? २० ची बाटली ६० ला. बसल्या बसल्या विचारतात "साधं की बिसलेरी", आणि साधं म्हटलं की असं बघतात जणू चप्पल घालून देवळात शिरलोय. एकदा तर उत्तर द्यायच्या आत टक्कन सील तोडलं. एमआरपीचा कायदा फक्त किराणावाल्यालाच का??

कलम_कसाई
बाटलीराव, ती लढाई कधीच संपली. डिसेंबर २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की हॉटेलात बाटली एमआरपीपेक्षा जास्त दराने दिली तर वजनमापाचा कायदा मोडत नाही. नुसती बाटली विकत घ्यायला कोणी हॉटेलात शिरत नाही, बसायची जागा, वाढणं हे सगळं त्यात येतं.

रिकामी_बाटली
वा! बसायची जागा बाटलीच्या दरात आली ना, मग १० टक्के कसली सर्व्हिस? एकाच खुर्चीचे दोनदा पैसे?

खवचट_काका
हा मुद्दा मला का सुचला नाही.

भट्टीवाला
खुर्चीच काढलीत म्हणून सांगतो. मागच्या रविवारी आठ जण आले, केक घरचा, पाणी घरचं, ऑर्डर काय तर चार चहा आणि एक कांदाभजी, बसले पावणेतीन तास, वर एसी वाढवा. ह्यांच्यासाठी कुठलं प्राधिकरण आहे?

रिकामी_बाटली
पाटी लावा ना, बाहेरचं आणू नका. तेवढी हिंमत नाही आणि राग आमच्यावर.

भट्टीवाला
तुमच्यासारखा माणूस पाटीचा फोटो काढून टाकतो आणि खाली दोनशे लोक शिव्या घालतात. एक दिवस गल्ल्यावर बसून दाखवा, मग हिंमत शिकवा.

कलम_कसाई
पाटीवरून आठवलं (अवांतर आहे, पण आता काय उरलंय). "पार्किंग गाडीमालकाच्या जबाबदारीवर" ही पाटी फार कामाची नाही. १९९८ मध्ये दिल्लीतल्या एका बड्या हॉटेलात वॅलेला, म्हणजे गाडी लावून देणाऱ्या हॉटेलच्या माणसाला, दिलेली मारुती झेन चोरीला गेली, सुप्रीम कोर्टाचा निकाल आला २०१९ ला. किल्ली तुमच्या माणसाने घेतली तर गाडी नीट परत देणं तुमचं काम, टोकनवरच्या बारीक अक्षरांमागे लपता येत नाही.

निशिगंधा
एकवीस वर्षं! तोवर झेन भंगारात गेली असती. आणि आम्ही दोनशे रुपयांवर भांडतोय.

खवचट_काका
दोनशेदहा. जीएसटी धरा. आणि भांडायला एकवीस वर्षं लागत नाहीत, आधी मॅनेजरला सांगायचं, नाही ऐकलं तर १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन. मी तिथल्या तिथे फोन लावायला घेतला, नंबर बघूनच मॅनेजर नवीन बिल घेऊन आला.

भट्टीवाला
बरं बाबा, जिंकलात. पहिल्या तारखेपासून मेनूत १० टक्के वाढवतो, सगळं उघड. मग "साधी थाळी केवढी महाग" असा धागा काढू नका म्हणजे झालं.

खवचट_काका
काढणार.

निशिगंधा
काका एक विचारू? २१० वाचले, छान झालं. तो छताकडे बघणारा मुलगा, त्याला टिप किती ठेवलीत?

खवचट_काका
राहिली. मॅनेजरशी भांडण्यात लक्षातच आलं नाही.

भट्टीवाला
१९१५ वर वेटरची तक्रार घेतात का बघा जरा.